बटणाला हात न लावता

"आई, एकच सांगते, नीट ऐक. पडद्यावर डिस्कची तपासणी चालू आहे असं दिसतंय ना? ती संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. तू नाही आणि बाबांनी तर मुळीच नाही. दिवस लागू दे, दोन दिवस लागू देत. मला शब्द दे."

परगावी नोकरीला असलेल्या लेकीचा हा फोनवरचा आवाज हळूताईंच्या कानात असा काही बसला, की बुधवारी दिवसभर त्या घरातल्या इतर बटणांनाही बिचकूनच हात लावत होत्या. शब्द तर त्यांनी दिलाच होता. आणि हळूताईंनी शब्द दिला म्हणजे तो दगडावर कोरलेला असे. फरक एवढाच, की दगडावर कोरताना आवाज होतो.

हळूताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव कागदपत्रांवर होतं आणि तिथेच राहत होतं. इमारतीतल्या लोकांनी त्यांना हळूताई केलं, कारण त्या दार लावत ते कळत नसे, भांडी घासत ती ऐकू येत नसत, आणि बोलत इतक्या हळू, की समोरच्या माणसाला आपल्याच कानांची शंका यावी. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर त्यांच्याशी दोनदा बोलल्यावर खरोखरच कान तपासून घेतले होते. कान उत्तम निघाले.

त्यांचे यजमान बसस्थानकावर एकतीस वर्षं उद्घोषक होते. या घराला मिळायचा तो सगळा आवाज देवाने एकट्या त्यांच्याच पदरात घातला होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी माणूस स्थानकावरून घरी आला नव्हता. "कृपया लक्ष द्या. टेबलावर चहा आलेला आहे. साखर घालणाऱ्यांनी आपापली साखर घालून घ्यावी," असं ते दोन माणसांच्या घरात सांगत. ही घोषणा ऐकून वरच्या मजल्यावरही चहाची वेळ होत असे.

या आवाजाला निवृत्तीनंतर एक चांगलं काम मिळालं होतं. वीस मिनिटांच्या अंतरावर मुलींचं वसतिगृह होतं. तिथे राहणारी एक मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला दिसत नव्हतं. एका विषयाचं जाडजूड पुस्तक कुणीच वाचून ध्वनिमुद्रित केलेलं नव्हतं, म्हणून ती विचारत विचारत उद्घोषकांपर्यंत पोचली. तेहेतीस प्रकरणं. उद्घोषकांनी ती लेकीच्या जुन्या संगणकासमोर बसून एकेक करून वाचली, तीही आपल्या पद्धतीने. "प्रकरण बाविसावे सुटण्याच्या तयारीत आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी." मुलगी म्हणे, "काका, दुसऱ्या कुणी वाचलं की मला झोप येते. तुम्ही वाचलंत की वाटतं, चुकलं तर गाडी जाईल." एकोणीस प्रकरणं तिच्याकडे पोचली होती. उरलेली चौदा संगणकात होती. परीक्षा पुढच्या मंगळवारी, दुसऱ्या गावी. सोमवारी सकाळी साडेसातच्या बसने ती निघणार होती. "सातच्या आत चौदाही प्रकरणं तुझ्या हातात," असं उद्घोषकांनी तिला सांगून ठेवलं होतं. त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत बस उशिरा आल्या असतील, घोषणा कधी उशिरा झाली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी तेहेतिसावं प्रकरण संपलं. आवाजातली खरखर काढून टाकायचं काम संगणकाला रात्रभर लावून उद्घोषक झोपले. बुधवारी सकाळी नेहमीसारखे पावणेसहाला फिरायला गेले, सव्वासातला परत आले, आणि पाहतात तो पडदा काळा. त्यावर पांढरी अक्षरं, डिस्कची तपासणी चालू आहे, तीन टक्के पूर्ण.

त्यानंतर लेकीला फोन, आणि वर सांगितला तो शब्द.

दुपारी बाराला आकडा सत्तावीसवर आला आणि तिथेच बसला. चारला सत्तावीस. सहाला सत्तावीस. उद्घोषक खुर्चीत बसून पडद्याकडे असे बघत होते, जणू उशीर झालेली बस बघून बघूनच येते.

"दाबू का एकदा?" ते म्हणाले.

"नको."

"फक्त एकदा. बंद करून सुरू."

 हळूताई स्वयंपाकघरात गेल्या, एक लहान स्टीलची वाटी घेऊन आल्या आणि ती बटणावर उपडी ठेवून चिकटपट्टीने चारही बाजूंनी पक्की चिकटवली. काम झाल्यावर वाटीकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. दुधाचं भांडं झाकल्यावर त्या अशीच हलवत.

ही वाटी इमारतीत बातमी झाली. संध्याकाळी दोन तज्ज्ञ येऊन दाखल झाले. एक वरच्या मजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर आणि दुसऱ्या समोरच्या घरात राहणाऱ्या शाळेच्या बाई. बाईंनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या आणि आता निवृत्तीनंतर त्या माणसं तपासत.

"किती म्हणालात, सत्तावीस?" बाईंनी चष्मा वर केला. "मग हा नापासच आहे हो. पस्तीसच्या पुढे गेला असता तर काही आशा होती."

"तपासणी चालू आहे, बाई. निकाल नाही लागलेला," उद्घोषक म्हणाले.

"माझ्या हाताखालून इतकी मुलं गेलीत. सत्तावीसवर अडकलेलं मूल पुढच्या प्रश्नाकडे बघतच नाही. एकाच प्रश्नाशी झटत बसतं."

डॉक्टरांनी संगणकाच्या पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "उष्णता आहे. झोप कशी आहे याची?"

"रात्रभर जागा होता मंगळवारी," उद्घोषक म्हणाले, आणि आपण हे उत्तर गंभीरपणे दिलं हे लक्षात येऊन जरा वरमले.

"बघा! जुना आजार वर येतोय. येऊ द्या. दाबायचा नाही. आधी वाढेल, मग उतरेल."

रात्री जेवणाच्या वेळी आकडा हलला. अठ्ठावीस. उद्घोषकांनी तशी घोषणा केली आणि वरून डॉक्टरांनी "वा!" म्हटलेलं स्वच्छ ऐकू आलं.

गुरुवारी पहाटे आकडा होता एक्क्याण्णव. उद्घोषक आनंदाने बूट घालून फिरायला गेले. वाटेत भेटलेल्या तीन माणसांना त्यांनी एक्क्याण्णव टक्के झाल्याचं सांगितलं. त्यातल्या एकाने विचारलं, "नातू का?" सव्वासातला ते परत आले तेव्हा पडद्यावर होतं, तीन टक्के पूर्ण.

"अगं, हे उलटं चालतंय!"

डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते पायजम्यावरच खाली आले. "उतरला? एक्क्याण्णवचा तीन? अहो, मग पेढे... म्हणजे, अभिनंदन! मी काय म्हणालो होतो?"

"डॉक्टर, हा ताप नाही. हा चढायला पाहिजे."

डॉक्टर थोडे हिरमुसले. मग आजारापेक्षा रोगीच हट्टी असल्याचं सांगून चहा न घेता वर गेले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी हळूताईंनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी उद्घोषकांच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी होती, पण आवाज येईल की नाही ते चाळीस दिवसांनी कळेल, असं सर्जन म्हणाले. रुग्णालयाच्या त्या लांब बोळात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हळूताईंनी देवाशी बोलणं केलं होतं. तेही हळूच, कारण भिंतीवर "शांतता राखा" असं लिहिलं होतं. 'यांचा आवाज परत दे. मी रोज एक तास घरात कसलाही आवाज होऊ देणार नाही. आणि हे कुणाला बोलून दाखवणार नाही.' एकेचाळिसाव्या दिवशी घोगऱ्या पण खणखणीत आवाजात घोषणा झाली, "कृपया लक्ष द्या. रुग्णाला भूक लागलेली आहे." हळूताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. कुणाला कळलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सहा ते सात. यजमान फिरायला गेलेले असत, म्हणजे घरातला मोठा आवाज तर आपोआपच बाहेर पडे. पण माणूस गेल्यावर घर किती बोलतं हे हळूताईंना तेव्हा कळलं. फ्रिज घुरघुरतो. पंखा कुरकुरतो. पाण्याचा पंप मधेच जागा होतो. पहिला महिना त्या एकेक वस्तू बंद करत घरभर फिरल्या. मग एके दिवशी दाराजवळच्या फळीखाली त्यांना मेन स्विच सापडला. एकच खटका, आणि सगळं घर गप्प. किती सोपं! सातला खटका वर करायचा, मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्य शून्य लुकलुकायला लागलेलं असे ते बरोबर लावायचं, आणि चहा टाकायचा. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता आणि एका माणसाला कळलं नव्हतं. संगणक रात्री नीट बंद केलेला असे, म्हणून त्याचीही कधी तक्रार नव्हती. अपवाद फक्त मंगळवारच्या रात्रीचा.

गुरुवारी आणि शुक्रवारीही सहाला हळूताईंनी आधी संगणकापाशी जाऊन वाटी घट्ट आहे ना हे बोटाने चाचपून पाहिलं. शब्द दिला होता. मग त्या निश्चिंत मनाने दारापाशी गेल्या, खटका खाली केला, आसनावर बसल्या आणि डोळे मिटून प्रार्थना केली, की त्या आंधळ्या पोरीसाठी तरी हे यंत्र बरं होऊ दे. या आठवड्यात शांतता विशेष गाढ लागते आहे, असंही त्यांना वाटलं.

शुक्रवारी पहाटे एक्क्याण्णव, सकाळी तीन. उद्घोषकांनी शेवटी संगणक कंपनीच्या सेवा केंद्राची वाट धरली. हळूताई बरोबर होत्या, कारण सेवा केंद्रात कुणीतरी हळू बोलणारं असावं लागतं.

तिथे काचेमागच्या बाईंनी एक अर्ज पुढे सरकवला. "यंत्राच्या मालकाशी आपले नाते" असा एक रकाना होता. उद्घोषकांनी "वडील" असं लिहिलं.

"मालकीण तुमची मुलगी?"

"हो."

"तिचं संमतिपत्र?"

"माझ्या मुलीचं? मी तिला संमती देत आलोय आजवर!"

"ती तुमची मुलगी आहे याचा पुरावा?"

"तिला बघा! नाक माझं आहे!"

"नाकाची झेरॉक्स आणलीय का?" बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. उद्घोषकांचे कान लाल झाले. एकतीस वर्षं हजारो लोक ज्यांच्या एका वाक्यावर पळत सुटले, त्यांचं एक काच ऐकत नव्हती.

हळूताई पुढे झाल्या. "आमचं यंत्र तपासणीत अडकलंय हो. घरी येऊन बघेल का कुणी?"

"काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. काचेमागच्या बाई काचेच्या भोकाला कान लावून ऐकायला लागल्या आणि त्यामुळेच असेल, जरा नरमल्या. "तपासणी अपूर्ण असलेलं यंत्र आम्ही घेत नाही, ताई. तपासणी पूर्ण झाली की तक्रार नोंदवा. तक्रार संगणकावरूनच नोंदवायची असते."

"म्हणजे बिघडलेला चालू झाला की बिघडलाय असं कळवायचं," उद्घोषक म्हणाले. ते म्हणाले तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर एक रिक्षा थांबली.

परतताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "अगं, ती पोरगी रोज फोन करते, पण विचारत नाही. 'काका, बरे आहात ना' एवढंच विचारते. मी काय सांगू तिला?"

हळूताईंनी त्यांची बाही धरली आणि रस्ता ओलांडला. तेवढंच.

शनिवारी सकाळी दहाला समोरच्या घरातल्या बाईंच्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, खिशात एकच स्क्रूड्रायव्हर, आणि बोलणं असं, की प्रत्येक शब्द वेगळा लावावा लागतोय. दोघे सल्लागार आधीच येऊन बसले होते.

दुरुस्तीवाल्याने वाटी पाहिली. "ही?"

"बटणाला कुणी हात लावू नये म्हणून," उद्घोषक अभिमानाने म्हणाले. "चार दिवसांत एक बोट लागलेलं नाही."

"वीज जाते?"

"कुठे?"

"इथे. घरात."

"या घरात? तीन वर्षांत एकदाही नाही! लिहून देतो. डॉक्टर, तुमच्याकडे गेली कधी? बाई, तुमच्याकडे? बघा. साक्षीदार आहेत."

"यंत्र उलटं मोजत नाही, साहेब," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने पडद्यापुढे ओणवं होऊन पाहिलं. "वीज गेली की बंद पडतं. आली की आपोआप सुरू होतं. तसं लावून ठेवलंय यात कुणीतरी. आणि तपासणी पहिल्यापासून धरतं. बटण दाबलं काय, वीज तोडली काय, त्याला सारखंच."

आतल्या खोलीत हळूताई शेंगा निवडत होत्या. त्यांच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"अहो, पण वीज जातच नाही!" उद्घोषकांचा आवाज चढत चढत छताला लागला. "रोज पहाटे एक्क्याण्णव, रोज सकाळी तीन! मी काय खोटं बोलतोय? मी उद्घोषक आहे!"

"पहाटे ते सकाळ घरात कोण असतं?"

"कोण असणार? ही असते. ती देवापुढे बसते. तिच्याने माशी उडवतानाही आवाज होत नाही!"

आत हळूताईंनी अर्धी शेंग परातीत ठेवली. हात पदराला पुसले. मग पुन्हा पुसले.

"डिस्क काढून दुसरीकडे लावली तर?" बाईंनी विचारलं.

"या अवस्थेत नको. डिस्क म्हातारी आहे. आधी तपासणी पुरी होऊ दे." दुरुस्तीवाल्याने वाटीला हात न लावता मागची एक वायर घट्ट केली आणि तपासणी पुन्हा सुरुवातीपासून लागली. घड्याळात अकरा वाजले होते. "तीस तास लागतील. उद्या संध्याकाळी पाच. मधे अजून एक झटका बसला, तर आतलं सगळं गेलं समजा. मग मला बोलवू नका."

तो गेल्यावरही उद्घोषक तासभर बोलत होते. वीज जाते म्हणाला! साक्षीदारांदेखत! त्या बोलण्याचा परिणाम असा झाला, की संध्याकाळी त्यांचा आवाज बसला. पार बसला. ताटावर बसून "भात" म्हणायला गेले तर नुसती हवा आली.

हळूताईंनी भाताचा चमचा पातेल्यातच ठेवला. तीन वर्षांपूर्वीचा तो बोळ, ती प्लॅस्टिकची खुर्ची, सगळं समोर उभं राहिलं. वरून सूचना आली म्हणावी, तर इतकी स्पष्ट सूचना त्यांना आजवर आली नव्हती. खटका खाली करावा तर चौदा प्रकरणं जातात आणि एका पोरीचं वर्ष जातं. खटका वर ठेवावा तर व्रत मोडतं, आणि व्रत कशासाठी घेतलं होतं ते समोर भात मागताना दिसत होतंच. नवऱ्याला सांगून मोकळं व्हावं, तर न सांगण्याचीच अट.

त्यात उद्घोषकांनी कागदावर लिहून कळवलं, "उद्या मी फिरायला जाणार नाही. पहाटेपासून यंत्रापाशी बसणार. बघतो कशी वीज जाते."

रविवारी साडेपाचला ते खुर्चीत येऊन बसले. अंगावर शाल, हातात छत्री. छत्री कशासाठी ते त्यांनाच ठाऊक, पण चोर आला तर रिकाम्या हाताने बसलेलं बरं दिसत नाही.

पावणेसहाला हळूताई दारापाशी उभ्या होत्या. समोर मेन स्विच. तीन वर्षं याच सुमारास हात आपोआप वर जात होता. आजही अर्धा गेला. मग त्यांना बाविसावं प्रकरण आठवलं. ते त्यांनी दाराआडून दोनदा ऐकलं होतं, कारण पहिल्यांदा वाचताना उद्घोषकांना शिंक आली होती. 'नियमाचा अर्थ लावताना तो नियम कशासाठी केला हे आधी पाहावे.' हळूताईंनी हात खाली घेतला. देवाला त्या मनातल्या मनात म्हणाल्या, 'तू हे प्रकरण वाचलं असशीलच. नसलं तर माझ्या हमीवर वाच.'

आणि त्या कामाला लागल्या. फ्रिजची पिन काढली. पंखे बंद केले. मायक्रोवेव्हची पिन काढली. पंपाचं बटण बंद केलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, त्याचा सेल काढला. दारावरच्या घंटीची वायर सोडली. दोन्ही फोन बंद केले. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता, त्याच्या तोंडाला फडकं बांधून त्याचं टोक बादलीत सोडलं. उद्घोषक खुर्चीत बसून छत्रीसकट बघत होते. त्यांची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होती.

"अगं," शेवटी घोगरी हवा आली, "फ्रिज का..."

हळूताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला गप्प राहायला सांगितल्याची ही पहिली वेळ होती. उद्घोषक इतके चकित झाले, की खरोखरच गप्प राहिले.

सहा वाजले. हळूताई आसनावर बसल्या. घर शांत झालं. फक्त शेजारच्या खोलीतून एकच आवाज येत होता, संगणकाची बारीक, म्हाताऱ्या माणसाने श्वास घ्यावा तशी करकर. तो बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं. वाटी त्यांनी स्वतः लावली होती. 'हा एक राहिला,' त्या देवाला म्हणाल्या. 'पण तो जे उलथापालथ करून शोधतोय, तो आवाज यांचाच आहे. तूच दिलेला. तो मोजू नकोस.' मग त्यांनी डोळे मिटले, आणि आत उत्तर आलं की नाही याची वाट बघत बसल्या नाहीत. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सातला त्या उठल्या. सगळ्या पिना जागच्या जागी गेल्या. मायक्रोवेव्हवर शून्य शून्य लुकलुकायला लागलं. जाता जाता, मागे न बघता, डाव्या हाताच्या एका बोटाने हळूताईंनी ते घड्याळ बरोबर लावलं. चार टिचक्या, दोन क्षण.

उद्घोषकांनी ते पाहिलं. त्या घड्याळाची वेळ कशी लावतात हे त्यांना स्वतःला पुस्तिका वाचूनही जमलं नव्हतं.

"हे तू रोज करतेस," ते म्हणाले.

हळूताई थांबल्या.

उद्घोषकांनी मायक्रोवेव्हकडे पाहिलं. मग दाराजवळच्या फळीखाली पाहिलं. मग पडद्याकडे. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर टक्के होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी एकेक स्थानक घेत पुढे सरकत होतं. "म्हणजे तो म्हणत होता ते..." छत्री हातातून गळून पडली. "आणि मी! लिहून देणार होतो! साक्षीदार उभे केले!"

"मला विचारू नका," हळूताई म्हणाल्या. "विचारलंत तर सांगावं लागेल. आणि सांगितलं की मोडेल."

"काय मोडेल?"

 हळूताईंचे डोळे भरून आले होते, आणि हे लपवायला हाताशी कांदासुद्धा नव्हता.

उद्घोषकांनी छाती भरून श्वास घेतला. एखादी मोठी घोषणा येणार असं वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"तीन..." त्यांनी मनात हिशेब केला असावा. बोलता बोलता त्यांचा हात गळ्याशी गेला. तिथे कॉलरखाली एक पांढरी, बोटाएवढी रेघ होती. हात तिथेच राहिला.  

"चहा टाकतेस?" शेवटी ते म्हणाले. साधं, कुणाचंही लक्ष न वेधता.

संध्याकाळी पाचला दहा कमी असताना दोन्ही सल्लागार हजर झाले. पाचला पडदा क्षणभर पूर्ण काळा झाला, बाईंनी डॉक्टरांचं मनगट धरलं, आणि मग निळं आकाश आणि त्यावरची सगळी चिन्हं एकदम वर आली. चौदाही प्रकरणं होती. तिसाव्यातली दोन मिनिटं गेली होती, पण ती खोकल्याची निघाली.

"शंभर टक्के!" बाई म्हणाल्या. "आणि मी सत्तावीसलाच ओळखलं होतं, की मूल हुशार आहे."

"रोग मुळापासून गेला," डॉक्टर म्हणाले. "पण वीज जात होती का हो शेवटी?"

 हळूताईंनी कपबशा उचलल्या.

"माझ्याकडून झाली चूक," उद्घोषक घोगऱ्या आवाजात म्हणाले. "रात्री यंत्र बंद न करता झोपलो. आता रोज बंद करीन." आणि साक्षीदारांदेखत त्यांनी मान खाली घातली. ही मान इमारतीने खाली गेलेली पहिल्यांदाच पाहिली.

सोमवारी पहाटे हळूताईंना जाग आली ती नेहमीच्या वेळी. त्या बाहेर आल्या तर संगणकाचा शेवटचा दिवा नुकताच विझत होता आणि उद्घोषक तो पूर्ण विझेपर्यंत समोर उभे होते. बटणावरची चिकटपट्टी निघाली होती. वाटी धुऊन, पुसून ओट्यावर पालथी ठेवलेली होती. सदऱ्याच्या खिशात पेनड्राइव्ह होता. खिशाला त्यांनी सेफ्टी पिन लावली होती.

"अहो, आवाज कसा आहे?" हळूताईंनी विचारलं.

ते तोंड उघडणार होते. पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि घड्याळाकडे मान केली. सहाला बारा कमी होते. आजची शांतता बारा मिनिटं आधीच.

दाराशी जाऊन त्यांनी खिशातला रुमाल काढला, तो खटक्यावर ठेवला आणि रुमालासकट खटका खाली केला. टक् असाही आवाज झाला नाही. मग बूट हातात घेतले, दार बोटांच्या टोकांनी ओढलं, आणि मोज्यांवरच जिना उतरायला लागले. सातच्या आत वसतिगृहाच्या दारात पोचायचं होतं.

हळूताई बंद दाराला कान लावून उभ्या राहिल्या. त्यांनी बराच वेळ ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही.